आगोटीचा खार आणि प्रेशरची गोळी

१ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद. त्याच्या आधीच कोकणात घरोघरी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून होते. सुके बोंबील, जवळा, सोडे (सोललेली सुकी कोळंबी), खारा बांगडा, आमसुलं, आगळाच्या (खारवलेल्या कोकमरसाच्या) बाटल्या, कैरीचं लोणचं, पापड. आणि याच घरांतून ऐकू येतं, "मीठ कमी केलंय हो डॉक्टर, वरून चिमूटभरसुद्धा घेत नाही." माणूस खरंच बोलत असतो. प्रेशरची, म्हणजे रक्तदाबाची, गोळी वाढवली जाते आणि फळीवरच्या या खारट डब्यांबद्दल कुणी विचारतच नाही. मला हे फार खटकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात भातातलं, आमटीतलं, लोणच्यातलं, पावातलं, फरसाणातलं सगळं आलं. चार मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. मिठाचा एक किलोचा पुडा फोडाल त्या दिवशी पेनाने त्यावर तारीख घाला. (मासे चोळायला आणि लोणच्याला वेगळा पुडा ठेवा, नाहीतर हिशोब चुकतो.) तो पुडा ५० दिवसांच्या आत संपला तर फळीवरचा खार न मोजताच मर्यादा ओलांडली.

आता सुकी मासळी. 'सुकं खाऊ नका' हा सरसकट सल्ला मला पटत नाही. पावसाळ्यात गरीब घरात प्रथिनं येतात ती यातूनच. मासळीचे दोन प्रकार नीट ओळखायला हवेत. वलांडीवर (बांबू-दोरीच्या मांडवावर) टांगून उन्हावाऱ्यात वाळवलेल्या बोंबलाला आणि पसरून वाळवलेल्या जवळ्याला बहुतेक वेळा वेगळं मीठ लावलेलं नसतं. खाऱ्या बांगड्याचं तसं नाही. तो चिरून, आतडी काढून मिठाच्या थरात दाबतात. तीन-चार किलो माशाला किलोभर मीठ जातं, मग ऊन दाखवतात. जंतू वाढू नयेत म्हणून एवढं मीठ लागतंच. पण अशा मासळीच्या १०० ग्रॅममध्ये १०-१५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त मीठ सहज असतं. २५ ग्रॅमची एक तुकडी पेजेबरोबर भाजून खाल्ली की अर्ध्या दिवसाचं किंवा त्याहून जास्त मीठ एका घासासोबत पोटात गेलं. बाजारात मावशीला सरळ विचारा, "मिठाचे की बिनमिठाचे?" त्या खरं सांगतात. सोड्यांच्या बाबतीत तर विचाराच, दोन्ही प्रकार मिळतात.

खारा बांगडा सोडवत नसेल तर खार उतरवून खा. नुसता नळाखाली धुतला तर वरचे खडे जातात, मांसातलं मीठ तसंच राहतं. दोन-दोन बोटांचे तुकडे करा. १०० ग्रॅमला अर्धा लिटर पाणी घ्या, अर्ध्या तासाने ते ओता, नवीन घाला. असं तीनदा. पाणी बदलायचं कारण सोपं आहे: मीठ माशातून पाण्यात येतं ते दोन्हीकडे खारटपणा सारखा होईपर्यंतच, मग थांबतं. त्याच पाण्यात रात्रभर ठेवून जास्त काही निघत नाही. उलट खार उतरलेला मासा पावसाळी हवेत बाहेर राहिला तर नासतो. तिसरं पाणी ओतल्यावर एक कपचा तव्यावर भाजून चाखा. अजून तोंड खारं झालं तर चौथं पाणी. आणि मग कालवणात मीठ घालूच नका. सगळी मेहनत वाया जाते ती इथेच, हात सवयीने मिठाच्या डब्याकडे जातो.

आगळाचंही असंच. साखर न घालता कोकमाचा रस वर्षभर टिकतो तो आंबटपणावर आणि भरपूर मिठावर. आमसुलं वाळवतानाही खारवलेल्या रसाची पुटं देतात. म्हणून सोलकढीत आगळ घातलं की चव बघितल्याशिवाय मीठ नको. आगळ पाण्यात घालून 'पित्तावर चांगलं' म्हणून रोज दोन-दोन ग्लास पिणाऱ्या प्रेशरवाल्यांनी तर थांबावंच. ताज्या रातांब्यांच्या (कोकमाच्या फळांच्या) हंगामात बिनमिठाची सोलं वाळवून ठेवता येतात, मात्र कडकडीत वाळायला हवीत, दमट राहिली की बुरशी.

पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, तोही सोडियमच. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहितात. त्याला अडीचने गुणा, मीठ कळतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

सैंधव घेतलं म्हणून सुटका नाही. सैंधव, मिठागरातलं खडेमीठ, पुड्यातलं बारीक मीठ, तिन्ही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. वर सैंधवात सहसा आयोडीन घातलेलं नसतं. 'लो सोडियम' मिठात काही भाग पोटॅशियमचा असतो. ते बऱ्याच जणांना उपयोगी आहे, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अशा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शहाळ्याचं पाणीही विचारूनच घ्यावं.

मीठ उतरवताना चव कशी राखायची, ते कोकणी स्वयंपाकाला शिकवायला नको. तिरफळं, ठेचलेली लसूण, बिंबलं, कैरी, ओलं खोबरं. आंबट असलं की कमी मीठही जिभेला पुरतं. एकदम अर्ध्यावर आणू नका, आठवड्याला थोडं थोडं कमी करा. दीड-दोन महिन्यांत जीभ रुळते.

आणि घरातल्या आजी-आजोबांचं ताट एकदम अळणी करू नका. ते जेवणच सोडतात. लघवीची गोळी चालू असेल, जेवण तुटलं असेल, त्यात जुलाब झाले, तर सोडियम खाली जाऊन माणूस गुंगीत जातो, बरळतो. घरचे म्हणतात, वयामुळे झालं. उन्हात दिवसभर लावणी करणाऱ्याच्या पेजेतली मिठाची चिमूटही काढू नका, त्याच्या घामातून ती जाते.

खार उतरवायला लागल्यापासून चार-सहा आठवड्यांनी प्रेशर तपासा. मोजण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून बसा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, दोनदा मोजा, आकडे वहीत लिहा. गोळी स्वतःहून बंद करू नका. ती वही आणि फळीवर काय काय आहे त्याची यादी, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.