डॉलर नको, टक्के सांग

मागे एकदा भाचा घरी आला, चहा तसाच गार होतोय आणि ह्याचा मोबाईल माझ्या नाकासमोर. "मामा, बिटकॉइन एका दिवसात पाच हजार डॉलर पडला!" म्हटलं अरे पण होता कितीला, तर म्हणे लाखाच्या वर. म्हणजे धड पाच टक्केपण नाही की रे.

10 एप्रिल 2013 ला हाच बिटकॉइन 266 डॉलरवरून त्याच दिवशी शंभर-सव्वाशेच्या घरात आलेला. डॉलरमध्ये बघितलं तर दीडेकशेच गेले, पण निम्म्याहून जास्त पैसे साफ! तेव्हा मार्केटच एवढुसं, बहुतेक सगळा ट्रेड माउंट गॉक्स नावाच्या एकाच एक्स्चेंजवर आणि तेही गर्दीने अडखळत होतं. आता पैसा मोठा आहे, जानेवारी 2024 पासून अमेरिकेत स्पॉट ईटीएफ (खरा बिटकॉइन धरणारे, शेअरसारखे विकत घेता येणारे फंड) आहेत, त्यामुळे टक्क्यांतले झटके कमी झालेत हे मान्य.

पण म्हणून भाव चढताना सगळं शांत असतं असं अजिबात नाही, आणि आपण शेअरवाले नेमके इथेच गंडतो. निफ्टी आरामात वर जात असेल तर इंडिया व्हिक्स (मार्केट किती हेलकावेल याचा अंदाज दाखवणारा आकडा) बहुतेक झोपलेला असतो, मार्केट आपटलं की उठतो. क्रिप्टोत बऱ्याचदा वर जातानाही दणके वाढतात. डिसेंबर 2017 आठवा, भाव 20 हजार डॉलरला टेकला आणि 22 तारखेला एकाच दिवसात 11 हजाराच्या खाली जाऊन आला. कारण साधं आहे, भाव पळायला लागला की ज्यांनी शॉर्ट केलेलं असतं, म्हणजे भाव पडेल या पैजेवर आधीच विकलेलं असतं, त्यांना नाइलाजाने विकत घ्यावं लागतं, त्याने भाव अजून पळतो, ते बघून नवी पोरं दहापट उधारीवर लॉन्ग करतात, म्हणजे भाव वाढेल या पैजेवर घेतात, आणि दहापट म्हणजे भाव दहा टक्के खाली आला की मुद्दल संपलं, एक्स्चेंज न विचारता तुमचा माल विकून मोकळं. त्या विक्रीने पुढच्याचा नंबर.

मी स्वतः नोव्हेंबर 2021 ला 65 हजाराच्या आसपास घेतला होता (बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही), वर्षभरात 16 हजार. वर आपल्याकडे 2022 पासून नफ्यावर 30 टक्के टॅक्स आणि तोटा कशातच वळता होत नाही!

भाच्याला विचारलं, तुझं किती पटीने आहे? तर म्हणे, मामा, चहा गार झाला.