आम्ही म्हणे परत येणार नाही!

सूनबाईचं बाळंतपण युरोपात, म्हणून आम्ही दोघांनी शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज केला. माणशी ९० युरो फी, ३० हजार युरोंचा विमा, पेन्शनचे कागद, सगळं घेऊन पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस धरली आणि पुण्यात बोटांचे ठसे देऊन आलो. नकार झटपट आला. छापील फॉर्म, कारणांचे चौकोन, त्यातल्या एकात फुली : मुदत संपण्याआधी परत जाण्याच्या तुमच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे.

सोलापूरकर आणि परत येणार नाही? जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा असतो, नंदीध्वज निघतात. आमची ही तर पुण्यात बहिणीकडेसुद्धा दोन दिवसांवर टिकत नाही. तिथं कडक भाकरी मिळत नाही आणि इथं नळाला पाणी येऊन जाईल, या दोन काळज्यांनी ती बॅग भरते.

अपील करायचं ठरवलं. पार्क चौकातली मित्रमंडळी म्हणाली, नशीबवान आहेस. ब्रिटननं नातेवाइकांकडे जाणाऱ्यांचा अपिलाचा पूर्ण हक्क २०१३ सालीच काढून घेतला. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला तर अपीलच नाही. पुन्हा फी भरा, पुन्हा मुलाखत द्या. शेंगेनच्या कायद्यात अपिलाचा हक्क आहे. फक्त अर्जाचा निकाल साधारण १५ दिवसांत द्यायचा असतो, आणि अपील त्या त्या देशाच्या कायद्याच्या चालीनं चालतं.

परतीचा पुरावा म्हणून घरपट्टीची पावती आणि सातबारा जोडला. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर घेऊन गेलो, तर नोटरीनं चष्म्यावरून पाहिलं. ‘‘काका, जमीन विकायलाव का काय?’’ मी म्हटलं, नाही हो, नातू बघायचाय. शिक्का मारला खरा, पण संध्याकाळपर्यंत दोन एजंटांचे फोन आले.

मग नातू झाला. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं, हिनं इथूनच मोबाइलसमोर पाळणा म्हटला. अपील विचाराधीन. बाळाला दात आले. अपील विचाराधीनच. आम्ही भारत सोडून जात नाही, याचा पुरावा रोज इथंच बसून देत होतो. पण तो जोडायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

शेवटी दिवाळीला मुलगा-सून बाळाला घेऊन घरी आले, आणि त्याच आठवड्यात ईमेल आला : निमंत्रणपत्र जुनं झालं आहे, यजमानाचं नवीन पत्र पाठवावं.

यजमान समोरच शेंगाचटणी-भाकरी खात बसला होता. डाव्या हातानं लॅपटॉप ओढून त्यानं टाइप केलं, ‘‘आईवडिलांच्या राहण्याजेवणाची संपूर्ण जबाबदारी माझी.’’

आतून ही ओरडली, ‘‘आणखी एक भाकरी घे की रे!’’