जुन्या पिकअपच्या टाकीत कढईतलं तेल ओतायला निघालेल्यांसाठी

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या पिकअपचं थकलेलं इंजिन काढून टाका, कबाडीतून टर्बो डिझेल इंजिन आणून बसवा, हॉटेलांतलं आणि ठेल्यांवरचं जळकं तेल फडक्यातून गाळून थेट टाकीत ओता आणि डिझेलचा खर्च विसरा. पुढे मुद्दे आहेत. रुडॉल्फ डिझेलने इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं. नागपूरच्या उन्हात तेल आपोआप पातळ होतं. तरी जाड वाटलं तर थोडं पेट्रोल मिसळा आणि रेडिएटरच्या गरम पाण्याची नळी टाकीतून फिरवा. टर्बो असल्यामुळे सगळं जळून जातं. परवानगी लागत नाही, कारण सरकारच जैवइंधन वापरा म्हणतं आणि नागपुरात तर अशा बसही धावल्या. शेवटी, कटकट नको असेल तर घरीच बायोडिझेल बनवा.

असे मेसेज रोज येतात, मी वाचतही नाही. पण माझा मावसभाऊ काटोलहून नागपूरच्या कळमना बाजारात संत्री आणि भाजी आणतो, जुन्या पिकअपवर त्याचं घर चालतं, आणि परवा त्याचा फोन आला, "दादा, इंजिन पाहून ठेवलं कबाडीत. टाकू का बसवून?" म्हणून हे लिहितो आहे. मुद्दे क्रमाने घेत नाही. ज्याने माणूस जळेल तो आधी.

तेलात पेट्रोल मिसळून टाकीत गरम पाण्याची नळी फिरवणं. हे लिहिणाऱ्याने काय लिहिलं आहे ते त्याला तरी कळलं का? इंजिनचं पाणी ८०-९० अंशांवर चालतं. पेट्रोलमधला हलका भाग ४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतो. म्हणजे टाकीत पेट्रोल ओतून तुम्ही ती टाकी चुलीवर ठेवता आहात, तेही मे महिन्यात, जेव्हा आपल्याकडे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो. आपल्याकडच्या डिझेलची पेट घेण्याइतकी वाफ ३५ अंशांच्या खाली होऊ नये अशी मानकाची अट आहे. पेट्रोलची तशी वाफ शून्याच्या खाली ४० अंशांनाही होते. निव्वळ पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की ती सहसा पेटत नाही, तिला हवा कमी पडते. पण जड तेलात थोडं पेट्रोल घातलं की वाफ आणि हवा नेमक्या पेटण्याजोग्या प्रमाणात येऊ शकतात. टँकरमध्ये पेट्रोलनंतर डिझेल भरताना खबरदारी घेतात ती याचसाठी. त्या टाकीवर कबाडीतली वायर, ढिली क्लिप आणि मागे गवत घालून भरलेले संत्र्यांचे क्रेट. या एका ओळीसाठी मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाला जाब विचारला पाहिजे.

आग नाही लागली तरी गाडी चालणार नाही. पेट्रोलची वाफ नळीत अडकली की पंपाला इंधनाऐवजी बुडबुडे मिळतात. शिवाय डिझेलचा पंप इंधनावरच वंगण घेतो, त्यातल्या प्लंजरची, म्हणजे इंधन दाबणाऱ्या दांड्याची, फट दोन-चार मायक्रॉनची (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असते. पेट्रोलला ते वंगण जमत नाही.

आता नागपूरच्या उन्हाचा मुद्दा. द्रव किती घट्ट ते मोजायचं ठरलेलं तापमानच ४० अंश सेल्सियस आहे, म्हणजे आपला एप्रिल. त्या ४० अंशांना डिझेलची घट्टता मानकाप्रमाणे २ ते ४.५ सेंटिस्टोक असते. त्याच ४० अंशांना सोयाबीन तेलाची साधारण ३२. उन्हाचा सगळा फायदा धरूनही तेल डिझेलच्या किमान सातपट घट्टच राहतं. आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो त्याचं काय? ठेल्यांवर तळायला बहुतेक पामतेल असतं. हिवाळ्यात ते डब्यात कसं थिजतं हे घरात कोणालाही विचारा. पहाटे तीनला काटोलहून निघायचं असताना तेच पाइपात आणि फिल्टरमध्ये थिजलेलं असेल.

भावाला तोंडी सांगून पटेना, म्हणून त्याला वाडीला एका पंपवाल्याकडे, म्हणजे डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल दुरुस्त करणाऱ्याकडे, नेलं. नोझल टेस्टर म्हणजे हाताने दांडा दाबायचं साधं यंत्र. त्यावर त्याने एक जुना नोझल, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारी तोटी, चढवला आणि आधी डिझेल टाकून दांडा दाबला. चर्र आवाज झाला आणि टोकातून बारीक धुकं उडालं, हात लावला तर जेमतेम ओलसर. मग उन्हात ठेवलेलं, गाळलेलं तेल टाकलं. दांडा जड झाला, चर्र आवाज गेला आणि टोकातून पिचकारीसारखी धार निघून समोरच्या पत्र्यावर आपटली. इंजिनात तो पत्रा म्हणजे पिस्टन. धार पूर्ण जळत नाही. जे उरतं ते नोझलच्या टोकावर आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचेत भाजून बसतं. लोखंडी कढईच्या बाहेरच्या बाजूला जो काळा चिवट थर असतो, घासणीनेही न निघणारा, तो याच तेलाचा, याच कारणाने झालेला असतो. रिंगा त्यात अडकल्या की न जळलेलं तेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं आणि तिथे इंजिन ऑइल घट्ट होत जातं.

हे माझं किंवा पंपवाल्याचं मत नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने अनेक अभ्यासांवरून स्वच्छ लिहून ठेवलं आहे: कच्चं किंवा वापरलेलं वनस्पती तेल डिझेल इंजिनात इंधन म्हणून वापरू नये. डिझेलमध्ये १० ते २० टक्के मिसळलं तरी कालांतराने आत थर साचतात, रिंगा चिकटतात, इंजिन ऑइलचा जेलीसारखा गोळा होतो आणि इंजिनाचं आयुष्य घटतं. 'माझ्या मित्राची गाडी दोन महिने झाली चालते आहे' असं उत्तर लगेच येतं. दोन महिने चालेलच. थर साचायला वेळ लागतो, म्हणून तर लोक फसतात.

"टर्बो असल्यामुळे सगळं जळतं" हे तर उलटं आहे. टर्बो हवा जास्त देतो. थेंब बारीक करण्याचं काम नोझलचं, त्यात टर्बोचा हात नाही. आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो तो इंजिन ऑइलच्या पातळ थरावर. ते ऑइलच घट्ट होऊ लागलं तर आधी टर्बो जातो.

आता जे खरं आहे ते मान्य करतो, मनाविरुद्ध का होईना. काही इंजिनं तेल पचवतात. जुन्या टेम्पो ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या परवान्यावरचं ओएम ६१६ इंजिन होतं. त्यात इंधन आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं आणि पंप साधा, दणकट, एका ओळीतला. महिंद्राच्या जुन्या गाड्यांतलं प्यूजोचं इंजिनही कप्प्यावालंच. परदेशात लोकांनी तेलावर गाड्या चालवल्या त्या प्रामुख्याने अशाच. त्यातही टाक्या दोन असतात: डिझेलवर सुरू करायचं, तेल ७०-८० अंशांना तापलं की त्यावर यायचं आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुवायच्या. जर्मनीत मोहरीच्या जातीच्या रेपसीड तेलासाठी डीआयएन ५१६०५ हे स्वतंत्र मानक आहे, त्यात पाणी, आम्ल, फॉस्फरस सगळ्याला मर्यादा. आणि ते ताजं तेल असतं. मीठ, पाणी आणि बेसनाचे कण असलेलं, आठवडाभर तापवलेलं नव्हे.

पण मेसेज काय सांगतो? असं जुनं साधं इंजिन काढून टाका आणि कबाडीतलं टर्बो बसवा! गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या गाड्यांचं टर्बो डिझेल म्हणजे बहुतेक कॉमन रेल. हजार-दीड हजार बारचा दाब, केसाएवढी छिद्रं, सेन्सर, कॉम्प्युटर. असं तेल सगळ्यात कमी सोसणारं इंजिन हेच. त्यातलं एक इंजेक्टर बदलायला किती लागतात ते कोणत्याही गॅरेजात विचारा. फडक्यातून गाळणं इथे कुचकामी आहे. आणि घट्टपणा तर कुठल्याच फडक्यातून गाळला जात नाही.

रुडॉल्फ डिझेलबद्दल. पॅरिसच्या १९०० च्या प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं, हे खरं. ते ऑटो कंपनीने मांडलं होतं, फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून. आणि खुद्द डिझेलनेच १९१२ मध्ये सांगितलं की ते इंजिन खनिज तेलासाठी बनवलेलं होतं. शिवाय त्या काळी इंधन दाबाच्या हवेने आत फुंकत, म्हणून घट्ट तेलही फुटत असे. ती रचना कधीच गेली.

नागपूरच्या बस: २०१४ मध्ये इथे धावलेली स्कॅनियाची हिरवी बस इथेनॉलवर होती. तेलाशी तिचा काही संबंध नाही. त्यासाठी कंपनीने जास्त दाबाचं वेगळं इंजिनच बनवलं होतं आणि इथेनॉलमध्ये पेट घ्यायला मदत करणारं द्रव्य मिसळलेलं असे.

परवानगीचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसी बुकात आहे त्यापेक्षा वेगळं इंजिन किंवा इंधन आरटीओला न विचारता चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघेल. सरकारच्या २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेलचं लक्ष्य आहे, पण ते आयएस १५६०७ या मानकाचं बायोडिझेल. तेलावर मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढलं की ते होतं. कढईतलं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे.

आणि ते घरी बनवू नका. मिथेनॉल थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, जीवही जातो, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. कॉस्टिक सोड्याबरोबर त्याचं होणारं मिश्रण कातडी जाळतं. लेकरं असलेल्या घरात मिथेनॉलचा कॅन येता कामा नये.

राहिलं 'फुकट तेल'. ते आता फुकट राहिलेलं नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणाला लागणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचं आहे, १ मार्च २०१९ पासून. बायोडिझेल कारखाने ते पैसे देऊन घेतात. ज्याच्याकडे तेल साचतं त्याने तिथे विकावं, नाहीतर तेच तेल स्वस्तात फिरून कुणाच्या तरी समोशात जातं. आणि जुन्या पिकअपचा डिझेलखर्च कमी करायचा असेल तर पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला द्या, एअर फिल्टर बदला, टायरमधली हवा आठवड्याला तपासा, क्लच घसरतो का बघा. काळा धूर मारत चाललेल्या गाडीत पैसे तिथूनच जात असतात.