'कंपाउंडरी ज्ञान' म्हणणाऱ्या वाचकास

अनामिक महोदय,

उपदंशावरच्या (सिफिलिस, संबंधातून पसरणारा रोग) माझ्या लेखावर तुम्ही चार मुद्दे काढलेत. पहिला मान्य. संबंधानंतर जखम 'तीन आठवड्यांनी' उठते असं मी लिहिलं होतं, ती सरासरी झाली. १० ते ९० दिवसांत कधीही उठू शकते. दुरुस्ती केली आहे. झालं समाधान?

आता तुमचं ते वाक्य: "जखम दुखत नसेल तर जास्त संशय घ्या, हे कंपाउंडरी ज्ञान आणि 'गरमी' हा गावठी शब्द सुशिक्षित माणसाला शोभत नाही."

हो, होतो मी कंपाउंडर. तालुक्याच्या गावी, त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे, ११ वर्षं. 'मला उपदंश झालाय' म्हणत तिथे एकही माणूस आला नाही. 'गरमी झालीय' म्हणत यायचे, तेही शटर अर्धं खाली आल्यावर, नाव अर्धवट सांगत. आयुर्वेदाचार्य भावमिश्रांनी सोळाव्या शतकात याला 'फिरंग रोग', म्हणजे फिरंग्यांचा रोग, म्हटलं, त्यांनाही शोभत नव्हतं का?

न दुखण्याचंही ऐका. एक ड्रायव्हर दोन महिने गजकर्णाचं मलम चोळत होता. तळहातावर तांबूस डाग, खाज अजिबात नाही. डॉक्टर म्हणाले, "चपला काढ." तळपायांवरही तेच डाग. मग त्याला आठवलं, मागे खाली एक फोड आला होता. दुखला नाही, आपोआप गेला, म्हणून सोडून दिलं. उपदंशाच्या दोन रक्ततपासण्या केल्या: व्हीडीआरएल १:६४, टीपीएचए पॉझिटिव्ह. बेंझाथिन पेनिसिलिनची कुपी मीच हलवली. दुधासारखं दिसतं ते, जरा रेंगाळलात की सुईत अडकतं. २४ लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत अर्धं अर्धं. रात्री त्याला थंडी वाजून ताप भरला आणि सकाळी गडी भांडायला दारात! जंतू मरताना येतो तो ताप, दिवसभरात उतरला. सहा महिन्यांनी व्हीडीआरएल १:८ वर उतरलं, म्हणजे औषध लागू पडलं. हे पुस्तकात वाचलेलं नाही, साहेब.

राहिले दोन मुद्दे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्सीसायक्लिन १४ दिवस, पण गरोदर बाईला पेनिसिलिनच. आणि जोडीदारालाही तपासून उपचार. लिहायचं राहिलं. त्यावाचून लेख काही बुडाला नाही.

त्या ड्रायव्हरच्या बायकोचं विचाराल, म्हणून आधीच सांगतो. दोनदा निरोप धाडला, ती आली नाही.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा.