सिल्कसाँग अवघड आहे ही तक्रारच नाहीये

आज सकाळी एका मैत्रिणीने लिहिलं की तिने सिल्कसाँग, म्हणजे हॉलो नाइट या व्हिडिओ गेमचा पुढचा भाग, सोडला. लास्ट जज या बॉसपाशी, म्हणजे मोठ्या शत्रूपाशी, अडकली होती, चाळीसएक वेळा मेली, मग कंट्रोलर ठेवून दिला. दोन ओळींची साधी पोस्ट. खाली पहिली कमेंट, तुलाच खेळता येत नाही या अर्थाची, "स्किल इश्यू." दुसरी, "मग सोपे गेम खेळ ना." तिसऱ्याने नुसतं हसणारं तोंड टाकलं. या मुलीने २०१७ चा हॉलो नाइट पूर्ण केलाय, आणि तिला स्किल शिकवणारे तुम्ही कोण? सकाळपासून डोक्यात तेच आहे, म्हणून लिहितेय.

आपल्यापैकी कोणालाच सोपा गेम नको होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये घोषणा झाली, ४ सप्टेंबर २०२५ ला गेम आला. इतकी वर्षं आपण अवघड गेमचीच वाट पाहिली. प्रश्न अवघडपणाचा नाही, हिशेबाचा आहे. हा हिशेब कोणी नीट मांडत नाही, म्हणून मांडते.

हॉलो नाइटमध्ये सुरुवातीला पाच मास्क (मास्क म्हणजे जीव मोजायचं एकक). बहुतेक शत्रूंचा फटका एका मास्कचा. खिळ्याच्या (हे नाइटचं हत्यार) एका घावाला ११ सोल (एक प्रकारची शक्ती) मिळायचा, एक मास्क भरायला ३३ लागायचा. म्हणजे तीन घाव मारा, एक चूक माफ. सिल्कसाँगमध्येही पाचच मास्क. एका घावाला रेशमाचा एक धागा, नऊ धागे झाले की बाइंड (स्वतःला बरं करणं), आणि बाइंडने एकदम तीन मास्क. भाव तोच, तीन घावांना एक मास्क. पण इथे बरेच बॉस, आणि काही साधे शत्रूसुद्धा, एका फटक्यात दोन मास्क नेतात. म्हणजे एक चूक भरून काढायला सहा घाव लागतात. चुकीची किंमत गुपचूप दुप्पट झाली आणि भरपाईचा भाव जागच्या जागी राहिला.

आता पुढचं बघा. पाच मास्क असले की दोन-दोनच्या तिसऱ्या फटक्याला मरण. चार तुकडे शोधून सहावा मास्क मिळवला, तरी तिसऱ्याच फटक्याला मरण! पाच, तीन, एक, संपलं. सहा, चार, दोन, संपलं. कोपरान् कोपरा धुंडाळून मिळवलेलं पहिलं मोठं अपग्रेड बॉससमोर काहीच देत नाही. सातवा मास्क मिळेपर्यंत फरकच पडत नाही. पहिल्या भागात एकेक मास्क म्हणजे एकेक जादा श्वास होता. माझ्या मते ही सिल्कसाँगची सगळ्यात मोठी चूक आहे, आणि तीही आकड्यातली, म्हणजे दुरुस्त करायला सगळ्यात सोपी.

हो, पहिल्या भागातही शेवटाकडचे काही बॉस दोन मास्क न्यायचे. मान्य. पण तोपर्यंत हातात आठ-नऊ मास्क असायचे.

आणि तीन मास्कची भरपाई दोनच्या फटक्यांसमोर नीट बसतही नाही. तीन म्हणजे दीड फटका, तो अर्धा बहुतेक वेळा वायाच जातो. एक मास्क कमी असताना बाइंड केलं तर सहा धागे फुकट, दोन कमी असताना केलं तर तीन फुकट. म्हणून तीन खाली गेल्याशिवाय बाइंड करू नका, आणि शक्यतो हवेत करा. हॉर्नेट, म्हणजे आपण खेळतो ती नायिका, उडी मारून वरच्या वर बाइंड करू शकते, जमिनीवरून सरपटत येणारे हल्ले पायाखालून निघून जातात. मात्र मध्येच फटका बसला तर रेशीमही गेलं आणि मास्कही. मल्टिबाइंडर हे टूल लावलं तर दोन-दोन असे चार मास्क भरतात, म्हणजे बरोबर दोन फटके. वेळ जास्त लागतो, पण हिशेब तरी जुळतो.

हे सगळं लिहिताना लक्षात येतंय की मी चिडलेय त्याच गेमवर जो मला मनापासून आवडतो. कारण हॉर्नेटचं चालणं-पळणं! कड जरा हुकली तर ती हाताने धरून स्वतःच वर चढते, पहिल्या भागातल्या नाइटला हे कधी जमलं नाही. धावत उडी, हवेत झगा पसरून तरंगणं, भिंतीला चिकटून पुन्हा उडी, हे सगळं हातात बसलं की बोटं विचार करायचं थांबवतात.

पोगोवरून, म्हणजे खाली घाव मारून उसळी घेण्यावरून, लोकांनी बराच गोंधळ घातला, तिथे मात्र मी गेमच्या बाजूने आहे. हंटर क्रेस्टचा (क्रेस्ट म्हणजे हॉर्नेटची लढायची पद्धत) खालचा घाव सरळ खाली जात नाही, तिरका जातो. जुन्या सवयीने बरोबर डोक्यावर जाऊन दाबलं की हॉर्नेट पलीकडे निघून जाते आणि खाली काट्यांत पडते. हंटर्स मार्च या भागातल्या लाल फुलांवर सगळे इथेच मरतात. युक्ती अशी की फुलाच्या वर नाही, अलीकडे असायचं. जितकं उंच तितकंच मागे, आणि मग दाबायचं. उसळी मिळाली की पुढच्या फुलाकडे तोंड वळवून पुन्हा तोच कोन. तासाभरात बसतं. नाहीच बसलं तर ग्रेमूरमधला रीपर क्रेस्ट घ्या, त्याचा खालचा घाव रुंद आहे. वाँडरर क्रेस्टचा सरळ खाली जातो, फक्त पोहोच कमी. खरं अवघड असं असावं, चूक दिसते, कारण कळतं, पुढच्या उडीला सुधारता येते.

आणि माउंट फे हा बर्फाळ डोंगर. थंडीने मास्क एकेक करून गळत जातात, उबेचा पुढचा दिवा गाठेपर्यंत चढायचं. काट्यांत पडलात तर जवळच्याच कडेवर परत उभे. लगेच पुन्हा. कितीही वेळा पडलं तरी मनात फक्त पुढची उडी असते. गेम बनवणाऱ्यांना हे इतकं छान कळतं, मग बॉसच्या बाबतीत का कळू नये?

कारण मैत्रीण माउंट फेवर नाही, लास्ट जजपाशी थांबली. तिथे मेलं की ब्लास्टेड स्टेप्सच्या बेंचवरून (मेल्यावर पुन्हा सुरू व्हायची जागा) पुन्हा सगळी चढण. वाटेत शत्रू, एखादा फटका बसला तर बॉससमोर पाचऐवजी तीन मास्क घेऊन उभं राहायचं. ती बॉसशी चाळीस वेळा लढली, तर ती वाटही चाळीस वेळा चढली, आणि त्या चढणीने तिला जजबद्दल काहीही शिकवलं नाही. त्यात तो जज हरल्यावर फुटतो! जिंकलो म्हणून हात सैल सोडला की त्या स्फोटात मरायचं, आणि मग पुन्हा पायऱ्या. याला स्किल म्हणायचं?

टूल्सचंही तेच. ती भरायला शेल शार्ड (शत्रूंकडून मिळणारे तुकडे) लागतात. बॉसपाशी अडकलेला माणूस दर वेळी टूल्स वापरतो, काही वेळाने शार्ड संपतात, आणि ज्याला मदतीची सगळ्यात जास्त गरज त्याच्याच हातात काही उरत नाही. मग लढाई सोडून किडे मारत फिरा. मण्यांचं, म्हणजे गेममधल्या पैशांचं, तर विचारूच नका. काही बेंचवर बसायलाही मणी मोजायचे, आणि रानटी शत्रूंकडून मणी मिळत नाहीत, फक्त शार्ड.

हंटर्स मार्चमधल्या सापळा लावलेल्या बेंचची मला चीड नाही, उलट तो प्रसंग फार हुशारीने रचलाय. बाइलवॉटर हा दलदलीचा भाग मात्र मला माफ करता येत नाही. पाण्यात पडलं की अंगावर अळ्या, अळ्या असेपर्यंत बाइंडने मास्क भरत नाहीत, नुसत्या अळ्या झडतात. बेंच लपवलेला आणि शेवटी ग्रोल या बॉसपर्यंतची लांब वाट. रीथ ऑफ प्युरिटी हे अळ्यांवरचं टूल नसेल तर तिथे जाऊच नका.

गेम बनवणाऱ्या टीम चेरीने ऐकलंच नाही असं म्हणणार नाही. काही दिवसांतच पॅच आला, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस जरा नरम केले, मधल्या भागातल्या बेंचचे दर उतरवले. कोणीतरी तक्रार केली म्हणूनच ना हे झालं? सगळ्यांनी "स्किल इश्यू" म्हणत बसायचं ठरवलं असतं तर तेही झालं नसतं.

बाई गं, तू हे वाचत असशील तर आज खेळू नकोस. जेव्हा वाटेल तेव्हा आधी डीप डॉक्सला जा, क्राफ्टमेटल असेल तर फोर्ज डॉटरकडून मॅग्मा बेल करून घे, जजच्या आगीची धार कमी होते. वर जाताना कोणाशी लढू नकोस, चुकवत चढ. तो कोसळला की मागे पळ, स्फोट होऊन जाईपर्यंत जवळ जाऊ नकोस. आणि त्याचं तोंडच बघायचं नसेल तर सिनर्स रोडवरून मिस्टमधून सिटाडेलमध्ये (जज ज्याचं दार राखतो तिथे) शिरायची दुसरी वाट आहे. तिथे फँटम भेटते, आणि ती लढाई तुला नक्की आवडेल.