आमची केस प्रोसेसमध्ये आहे

अमेरिकेच्या १९५२ सालच्या इमिग्रेशन कायद्यात २२१ जी नावाचं एक कलम आहे, व्हिसा आत्ता देता येत नाही, थांबा, असं सांगणारं, आणि सध्या मी त्या कलमात राहतो. तसा माझा मुक्काम पुण्यात आहे, बायको न्यू जर्सीत आहे, आणि आमच्या मधे साडेनऊ तासांचं अंतर आहे जे हिवाळ्यात साडेदहा होतं, म्हणजे हिवाळ्यात आम्ही एकमेकांपासून आणखी एक तास लांब जातो आणि त्यासाठी तर कुठला फॉर्मही भरावा लागत नाही.

थोडक्यात सांगतो, कारण लांबवून सांगायला लागलं की ऐकणारा दुसऱ्या फॉर्मच्या नंबरलाच उठून जातो. बायको तिकडची नागरिक, त्यामुळे तिने नवऱ्यासाठी आय-१३० टाकला, म्हणजे हा माझा नवरा, ह्याला इकडे येऊ द्या असा अर्ज. तो मंजूर झाला. मग केस नॅशनल व्हिसा सेंटरला गेली, तिथे फी भरली, डीएस-२६० हा व्हिसाचा फॉर्म भरला, पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स आणलं, आणि बायकोने आय-८६४ वर सही केली. ह्या आय-८६४ बद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. सप्तपदीत आम्ही एकमेकांना नक्की काय काय कबूल केलं ते गुरुजींनाच माहीत, पण ह्या कागदावर बायकोने अमेरिकन सरकारला चक्क लिहून दिलंय की मी ह्या माणसाला गरिबीच्या रेषेच्या सव्वापट पातळीवर सांभाळीन, सरकारच्या गळ्यात पडू देणार नाही. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे आपल्याकडे का नसतं?" आई म्हणाली, "तुमच्याकडून लिहून घ्यायला पाहिजे होतं."

डीएस-२६० मधे आईवडिलांची जन्मतारीख विचारतात. आता आमचे आईबाबा दोघेही १ जूनचे. म्हणजे मूळ तारखा देवाला ठाऊक, शाळेत घालताना मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राला जी तारीख वाटली तीच ह्यांनाही मिळाली. फॉर्म भरताना माझा हात थरथरत होता, कारण तिकडे बसलेल्या माणसाला काय वाटेल, की नवराबायको दोघे १ जून, हे काय प्रकरण आहे, ही फॅमिली आहे का बॅच आहे.

तर मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत इंटरव्ह्यू. मोबाईल, बॅग काहीही आत नेता येत नाही, त्यामुळे बाहेर पैसे देऊन सामान एका अनोळखी माणसाकडे ठेवायचं, आणि ज्या देशात शिरायला आपण आपला पंधरा पिढ्यांचा विश्वासार्हपणा सिद्ध करायला निघालोय त्याच्या दारात एका टोकनच्या भरवशावर सगळं सोडून जायचं. आत उजवा हात वर करून शपथ, बोटांचे ठसे, मग प्रश्न. कसे भेटलात, लग्नाला कोण कोण होतं, बायको काय करते. मी लग्नाचे अल्बम, विमानाची तिकिटं, चॅटचे प्रिंटआउट असं सगळं घेऊन गेलो होतो, एवढे कागद की केटरर सोडून सगळ्यांचा पुरावा होता. त्यातलं काहीही बघितलं नाही. ऑफिसर हसतमुख होता. मग त्याने विचारलं, तुम्ही काय काम करता? मी सांगितलं, केमिकल इंजिनिअर आहे, भिंतीच्या रंगांवर काम करतो, रंग सुकल्यावर पोपडे का धरतो ते बघतो. तो टाइप करायला लागला. मी एका वाक्यात सांगितलं होतं, तो बराच वेळ टाइप करत राहिला. मग एक कागद सरकवला, पासपोर्ट परत दिला, आणि म्हणाला की केसला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग, म्हणजे आणखी तपासणी, लागेल, आम्ही ईमेल करू.

ह्याला ह्या धंद्यात एपी म्हणतात. "केस एपीत गेली." एपीत गेलेली केस कधी बाहेर येते ह्याचं अधिकृत उत्तर असं आहे की ते प्रत्येक केसच्या परिस्थितीवर अवलंबून असतं. का गेली ते सांगत नाहीत. टेक्नॉलॉजी अलर्ट लिस्ट नावाची संवेदनशील विषयांची एक यादी असते, त्यात केमिकल इंजिनिअरिंग येतं, त्यामुळे आमचा अंदाज तिकडे आहे. पण हा अंदाज घरात कुणालाच पसंत नाही. आईचं मत की इंटरव्ह्यूला तो चौकटीचा शर्ट घालायला नको होता. आत्याने पत्रिका मागवली आणि शनीचं नाव घेतलं. बाबांचा अभ्यास सगळ्यात खोल. मुंबईतून जाणाऱ्या इमिग्रंट केसचा नंबर बीएमबी अक्षरांनी सुरू होतो, बॉम्बेचा बीएमबी, ते त्यांनी शोधून काढलं आणि म्हणाले, "शहराचं नाव १९९५ साली बदललं. त्यांच्याकडे अजून ९५ साल उजाडायचंय. तुझी फाईल वेळेत आहे."

काही दिवसांनी ईमेल आली, डीएस-५५३५ भरून पाठवा. हा फॉर्म २०१७ पासून आहे आणि ज्याने कुणी तो बनवलाय त्याने भाड्याने राहणारा मराठी पोरगा कधी पाहिलेला नसावा. गेल्या १५ वर्षांत कुठे कुठे राहिलात, सगळे पत्ते. १५ वर्षांत कुठे कुठे नोकरी केलीत. १५ वर्षांतले परदेश प्रवास, तारखांसकट, आणि त्याचे पैसे कुणी दिले. ५ वर्षांतले सगळे फोन नंबर, ईमेल आणि सोशल मीडियाची खाती. भावंडांची नावं, जन्मतारखा.

पत्त्यांपासून सुरुवात केली. हॉस्टेल ठीक. त्यानंतरची कॉट बेसिसवाली खोली, तिचा पत्ता आम्हाला कुणालाच कधी माहीत नव्हता, मारुतीच्या देवळामागे, गिरणीच्या वर, एवढ्यावर गॅस सिलेंडर, डबा आणि आईची पार्सलं तीन वर्षं बिनचूक यायची. जुन्या रूममेटला फोन केला तर तो म्हणाला बिल्डिंगच पाडली रे. आता पाडलेल्या बिल्डिंगचा पिनकोड देऊन मी तो रकाना भरला. एका फ्लॅटमालकांना फोन केला तर त्यांनी पत्ता दिला, पण सोबत डिपॉझिट कापल्याचा जुना विषय परत उघडला आणि मीच त्यांना सॉरी म्हणून फोन ठेवला, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग माणसाला किती नम्र करतं बघा.

पण खरी मजा प्रवासात. परदेश प्रवास म्हणजे एक कंपनीतर्फे सिंगापूर, त्याचे शिक्के आहेत, प्रश्न नाही. दुसरा नेपाळ. आत्याने काढलेली पशुपतिनाथाची यात्रा, बसने, मी सोबतीला. नेपाळला भारतीयांना ना व्हिसा लागतो ना पासपोर्टवर शिक्का बसतो, त्यामुळे आयुष्यातला सगळ्यात निष्पाप प्रवास हाच सगळ्यात बिनपुराव्याचा निघाला. तारीख काय? आत्याला फोन.

"अगं आत्या, आपण नेपाळला कधी गेलो होतो?"

"तुझ्या काकांच्या मोतीबिंदूनंतर."

"मोतीबिंदू कधी झाला?"

"नेपाळच्या आधी."

शेवटी बसवाल्या ट्रॅव्हल्सची पावती आत्याच्या पोथीत सापडली, खूण म्हणून ठेवलेली. मग पैसे कुणी दिले हा रकाना. तिकीट आत्याने काढलं, वाटेतलं खाणं मी केलं, रुद्राक्षाचे पैसे एका सहप्रवासी काकूंनी दिले जे आत्याच्या म्हणण्यानुसार अजून द्यायचे आहेत. मी "आत्या" एवढंच लिहिलं. तर आत्याला काळजी, "माझं नाव अमेरिकेला गेलं का? मला बोलावतील का?" घाबरली होती का आशेवर होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

ईमेलचंही असंच. कॉलेजात असताना काढलेला एक ईमेल आयडी अजून रेल्वेच्या तिकिटांसाठी वापरतो, म्हणजे ५ वर्षांच्या हिशोबात तो बसतोच. त्यात माझं नाव नाही, त्या वयात मी स्वतःला जे समजायचो ते आहे, पुढे ००७ आहे. आता ज्या माणसाच्या रासायनिक ज्ञानाबद्दल आधीच शंका आहे त्याने सरकारला स्वतःहून ००७ कळवायचं. कळवलं.

फॉर्म पाठवल्यावर उरतो तो वेबसाइटवरचा स्टेटस. सीईएसी नावाच्या त्या पानावर केस नंबर टाकायचा, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण यंत्र नाही हे पटवायचं, की खाली दिसतं "रिफ्यूज्ड". एपीत असलेल्या केसलाही आता तिथे रिफ्यूज्डच दाखवतात, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की प्रोसेसिंग चालू असलं तरी असंच दिसेल. पण बारीक अक्षरं वाचतो कोण. मावशीने माझ्या खांद्यावरून डोकावून तेवढा एक शब्द वाचला आणि रात्रीपर्यंत चार गावांतून सांत्वनाचे फोन आले, त्यातल्या एकाने तर घटस्फोटाचा चांगला वकीलही सुचवला.

स्टेटस बदलत नाही पण त्याच्या बाजूची "शेवटचं अपडेट" ही तारीख कधीकधी बदलते. का बदलते, कुणी बदलते, काही नाही. पण ज्या दिवशी बदलते त्या दिवशी आम्ही नवराबायको एक तास नुसतं त्या तारखेवर बोलतो, कुणीतरी फाईल उघडली असेल, नाही नाही, उघडून बंद केली असेल, का कुणी चहा सांडला म्हणून उचलली असेल. वॉशिंग्टनमधे सकाळचे ९ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा, बरोब्बर दिवेलागणीची वेळ. आई देवापाशी दिवा लावते, मी सीईएसी उघडतो. शेजारच्या काकूंचं कौतुक सुरू झालंय की हल्लीची मुलं तिन्हीसांजेला एवढं मनोभावे कुठे बसतात.

पण एक सांगू, थांबणं जमतं. माणूस कशालाही सरावतो. जमत नाही ते लोकांना उत्तर देणं. नोकरी गेली, परीक्षेत नापास झालो, ह्याची उत्तरं समाजाकडे तयार आहेत, ऐकणारा च्च् च्च् करतो आणि विषय संपतो. "चालू आहे, पण काय चालू आहे ते माहीत नाही, कधी संपेल ते माहीत नाही, आणि कुणाची चूक नाही" ह्या उत्तरावर कुणाचंच समाधान होत नाही. म्हणून मी आता माणूस बघून उत्तर देतो. ऑफिसात "सिक्युरिटी क्लिअरन्स" म्हणतो, त्याने उलट वजन वाढतं. तसंही ऑफिसात माझा सेंड-ऑफ होऊन गेलाय, भाषणं झाली, ट्रॉली बॅग मिळाली, मॅनेजर गहिवरला, आणि दुसऱ्या सोमवारी मी परत खुर्चीत. राजीनामा मागे घेतला, बॅग कुणी मागे मागितली नाही, पण कँटीनमधे सगळ्यांचं एकदा बघून झालं की कुणीतरी विचारतंच, बॅग कशी आहे रे? मामांना मात्र कुठलंच उत्तर चालत नाही, त्यांच्याकडे उपाय असतो. "मग टुरिस्टवर जा ना." त्यांना सांगावं लागतं की मामा, टुरिस्ट व्हिसाला मी परत येणार हे मलाच पटवून द्यावं लागतं, आणि मी कायमचा राहायला येतोय असा अर्ज मी स्वतःच त्यांच्याकडे देऊन बसलोय. मामा म्हणतात, "ते त्यांना कशाला सांगायचं?"

बायको तिकडे गप्प बसलेली नाही. तिने तिच्या भागातल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला लिहिलं. तिकडे हे चालतं, खासदाराच्या ऑफिसात एक माणूसच ह्या कामाला असतो, आपण सहीचा एक कागद द्यायचा, मग ते वकिलातीला विचारतात. उत्तर आलं, लेटरहेडवर, फार सुंदर इंग्रजीत, की केस ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंगमधे आहे. बायकोने मला फॉरवर्ड केलं, मी बाबांना, बाबांनी प्रिंट काढून फाईलला लावलं. काँग्रेसमनचं पत्र घरात आहे हे आता आळीत सगळ्यांना माहीत आहे.

मग तिने वकील गाठला. तो म्हणाला मँडॅमस टाकता येईल, म्हणजे कोर्टाने सरकारला सांगायचं की निर्णय द्या. हो द्या असं नाही हं, नुसता द्या. बाबा उडालेच. "ज्यांच्या घरी राहायला जायचं त्यांच्यावरच दावा?" त्यातच बायकोने वाचलं की २०२४ च्या जूनमधे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मुनोझ खटल्यात सांगितलंय की नागरिकाला आपल्या परदेशी जोडीदाराला देशात आणायचा घटनात्मक मूलभूत हक्क नाही. रात्री फोनवर रडवेली झाली होती. "म्हणजे माझा तुझ्यावर मूलभूत हक्कच नाही म्हणे." मी म्हटलं, ह्या बाबतीत कोर्टाचं आणि आईचं आधीपासून एकमत आहे. त्यावर ती हसली, आणि मग आईला हे सांगितलं तर बघ म्हणाली.

दरम्यान मेडिकलची मुदत संपली. ती साधारण सहा महिने चालते, म्हणजे छातीचा एक्सरे आणि रक्त परत. आईने बॅगेत भरलेलं मेतकूट आणि भाजणीही आम्हीच खाऊन संपवली, परत केली, परत भरली, परत खाल्ली. दोन बॅगा तेवीस-तेवीस किलोच्या हॉलमधे उभ्या आहेत आणि पाहुणे आले की त्यांच्यावर चहाचा ट्रे ठेवतात.

आणि आता एक नवीनच वळण. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकेत पाऊल ठेवलं तर दोन वर्षांचं कंडिशनल ग्रीन कार्ड मिळतं, मग कंडिशन काढायला परत एक अर्ज, आय-७५१, परत पुरावे, परत अल्बम. पण दोन वर्षं उलटून गेल्यावर गेलं तर सरळ दहा वर्षांचं कार्ड, कंडिशन वगैरे काही नाही. आमच्या लग्नाचा दुसरा वाढदिवस तोंडावर आलाय. हे कळल्यापासून घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते उद्याच्या उद्या ये, कंडिशनल तर कंडिशनल. बाबा म्हणतात एवढं थांबलायस तर आता घाई करू नकोस, दोनाचे दहा होतायत, असा व्याजदर कुठली बँक देत नाही, स्टेटस बघणंसुद्धा बंद कर, उगाच पटकन व्हायचा.

परवा व्हिडिओ कॉलवर हा वाद रंगला. शेवटी बायको म्हणाली, "बाबा, तुमचंच ऐकते. दहा वर्षांचं कार्ड मिळू दे, पहिल्या उन्हाळ्यात तुम्हाला आणि आईंना इकडे बोलावते." बाबा एकदम गप्प. मग त्यांनी हळूच मला विचारलं, आमचा व्हिसा कोणता असतो, त्यात पण प्रोसेसिंग असतं का. मी म्हटलं, काही सांगता येत नाही, प्रत्येक केसच्या परिस्थितीवर अवलंबून असतं.

जेवण झाल्यावर त्यांनी डायरी काढली आणि स्वतःचे गेल्या १५ वर्षांतले पत्ते लिहायला घेतले. बाबा जन्मल्यापासून ह्याच घरात आहेत. तरी दोन पानं झालीत, आणि अजून नेपाळला कोण गेलं होतं ह्यावरून आईशी वाद चालू आहे.