टी टाइम न बघता महिला गोल्फचा स्कोअर वाचू नका

समजा रात्री नऊला मोबाइलवर दिसलं, ‘भारताची अदिती अशोक संयुक्त ३४व्या स्थानी’. लगेच हळहळ सुरू होते. पण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात आणि निम्म्या खेळाडूंनी अजून पहिला फटकाही मारलेला नसतो. हा आकडा तिथल्या संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा जागा वर किंवा खाली सहज जातो. सोलापुरात आपण बहुतेक जण हा खेळ मोबाइलवरच बघतो, त्यामुळे टी टाइमचा, म्हणजे कोण किती वाजता पहिला फटका मारणार याचा, तक्ता आपल्याला सगळ्यात जास्त लागतो. नेमका तोच मराठी बातमीत कधी नसतो. माझं ठाम म्हणणं आहे की खेळाडूच्या नावापुढे तिची सुरू होण्याची वेळ, तीही भारतीय वेळेत, छापलीच पाहिजे.

हा तक्ता चिठ्ठ्या टाकून बनत नाही. १४४ खेळाडू, तिघींचा एक गट, म्हणजे ४८ गट. पहिल्या दोन दिवसांत निम्मे सकाळी, निम्मे दुपारी. एका फेरीत अठरा होल असतात. त्यातले निम्मे गट पहिल्या होलवरून सुटतात, निम्मे दहाव्यावरून. प्रत्येक वाट्याला १२ गट. दोन गटांत ११ मिनिटांचं अंतर धरलं तर पहिला आणि बारावा गट यांच्यात १२१ मिनिटं. खरी कसरत पुढे आहे. पहिल्या होलवरून निघालेला गट नऊ होल संपवून सुमारे सव्वादोन तासांनी दहाव्या टीवर, म्हणजे त्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी, येतो. तोपर्यंत तिथून सुटणारे सगळे गट गेलेले असायला हवेत. दौंड-सोलापूर मार्ग दुहेरी होण्याआधी गाड्यांचं क्रॉसिंग सांभाळावं लागायचं, तसंच हे. एक गट अडकला की मागचे सगळे उभे.

म्हणून तक्ता सूर्यावर ठरतो. महिलांची इंडियन ओपन गुरुग्रामच्या डीएलएफ कोर्सवर ऑक्टोबरमध्ये असते, तेव्हा तिथे सूर्य सहाच्या आत मावळतो. तिथे १४४ जणी घेतल्या तर काय होईल बघा. पहिला गट ६:४०ला, सकाळचा शेवटचा ८:४१ला. तो नऊ होल संपवून वळेल ११च्या सुमारास. दुपारचे गट ११:१०ला सुरू, शेवटचा १:११ला. पाच तासांची फेरी धरली तर ६:११, म्हणजे अंधार. १२० खेळाडू घेतले तर प्रत्येक वाट्याला १० गट येतात आणि त्याच हिशेबाने शेवटचा गट साडेपाचच्या आसपास संपतो. खेळाडूंची संख्या कमी ठेवण्यामागे पैशाइतकाच हा उजेडाचा हिशेब असतो.

अंतर ११ऐवजी ९ मिनिटं केलं तर भागेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं भागत नाही. पार तीनच्या, म्हणजे तीन फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या, छोट्या होलवर पुढचा गट ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, सोडेपर्यंत मागच्याला मारता येत नाही. तिघींना तिथे ११ मिनिटं लागत असतील आणि गट दर ९ मिनिटांनी येत असतील, तर प्रत्येक गटामागे दोन मिनिटं साचतात. दहावा गट तिथे १८ मिनिटं ताटकळतो. गट वेळेवर सोडणारे जाणकार स्टार्टर यासाठी काही गटांनंतर एक वेळ मुद्दाम रिकामी सोडतात.

दोन दिवसांत प्रत्येकीला एक सकाळ आणि एक दुपार मिळते, म्हणून कागदावर न्याय झाला असं म्हणतात. मला तो अर्धाच वाटतो. सकाळी ग्रीन नुकतं कापलेलं, वारा पडलेला. दुपारी तेच ग्रीन शेकडो पावलांनी तुडवलेलं. २०१९पासून बुटांच्या खुणा दुरुस्त करता येतात, पण सगळं ग्रीन कोण सपाट करणार? वारा पहिल्या दुपारी सुटला आणि दुसऱ्या दुपारी पडला, तर निम्म्या खेळाडूंचं दोन-तीन फटक्यांचं नुकसान होतं आणि कट, म्हणजे दोन फेऱ्यांनंतर पुढे खेळायला मिळण्याची मर्यादा, तेवढ्यावर चुकतो. बहुतेक टूरवर मोठ्या विजेत्यांना सोयीच्या, टीव्हीला जमणाऱ्या वेळा मिळतात. नवख्या आणि पात्रता फेरीतून आलेल्या मुली पहाटे दव असताना किंवा अगदी शेवटी निघतात. आपल्या नव्या मुलींचा स्कोअर वाचताना हे ध्यानात ठेवा.

कटनंतर क्रम गुणांवर लागतो, आघाडीच्या खेळाडू शेवटी. समान गुण असतील तर साधारणपणे ज्यांनी स्कोअरचं कार्ड आधी जमा केलं त्यांना मागची वेळ मिळते. हवामान बिघडणार असेल तर हे सगळं बदलतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ७ ऑगस्ट २०२१ला, वादळाच्या अंदाजामुळे शेवटची फेरी लवकर सुरू केली. दोघींऐवजी तिघी, आणि एकाऐवजी दोन टी. ६० खेळाडू जोड्यांनी एकाच टीवरून दहा-दहा मिनिटांनी सोडले तर शेवटची जोडी २९० मिनिटांनी निघते. तिघींचे गट दोन टींवरून ११ मिनिटांनी सोडले तर ९९ मिनिटांत काम होतं. तीन तास वाचले. त्यामुळे अदिती एका प्रतिस्पर्धीऐवजी दोघींसोबत खेळली, नेली कोर्डा आणि लिडिया को. अदितीचा ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला लांब फटका, कोर्डापेक्षा बराच आखूड, म्हणून बहुतेक होलवर दुसरा फटका तिला आधी खेळावा लागायचा. त्या दडपणात ती १५ अंडरवर, म्हणजे अपेक्षेपेक्षा १५ फटके कमी घेऊन, चौथी आली. रौप्यपदकासाठी बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफपासून फक्त एक फटका दूर. त्या दिवशीचं पेअरिंग, म्हणजे ती कुणासोबत खेळली ते, न सांगता ‘पदक हुकलं’ एवढंच लिहिणं हा तिच्यावर अन्याय आहे.

वेळेचा नियम कडक आहे. ९:०० म्हणजे ९ वाजून शून्य सेकंद. पाच मिनिटांच्या आत उशीर झाला तर पहिल्या होलवर दोन फटक्यांचा दंड, त्याहून जास्त झाला तर स्पर्धेतून बाद. पाच मिनिटांच्या आत आधी मारलं तरी दोन फटके. मूळ सोबत्यांच्या पुढे-मागे खेळायची मुभा नाही, कारण तुमचं कार्ड त्यांच्यापैकीच कुणीतरी लिहीत असते.

तक्ता वाचताना दोन गोष्टी चुकतात. वेळ स्थानिक असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेत उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवा, हिवाळ्यात साडेदहा. आणि नावापुढे किंवा होलच्या आकड्यापुढे तारांकन असेल तर ती दहाव्यावरून निघाली आहे. ‘९*’ म्हणजे तिचे दहा ते अठरा झालेत, एक ते नऊ बाकी. तिचे सोपे होल झालेत की अजून बाकी आहेत, ते त्याशिवाय कळत नाही.

देशांतर्गत महिला टूरच्या तीन फेऱ्यांच्या स्पर्धा पुण्यात येरवड्याच्या पूना क्लबवर होतात. खेळाडू कमी, त्यामुळे दुपारचा वेगळा गट बहुधा नसतोच. सोलापूरहून सकाळी सहाच्या वंदे भारतने निघालात तर पुणे स्टेशनला नऊच्या पुढे पोचता. पहिल्या दिवशी तोवर बरेच गट निघून गेलेले असतात. शेवटच्या दिवशी जा, आघाडीच्या मुली सगळ्यात मागे असतात. तक्ता आदल्या संध्याकाळी लागतो, तो बघा आणि क्लब खासगी असल्यामुळे प्रवेशाचं आधी विचारून घ्या.